दाराबाहेरचे जोडे

काकासाहेबांच्या चपला हरवल्या, त्याच दुपारी सुरेखा गव्हाणे पहिल्यांदा आली.

सत्यशीला गडदे यांचं सिडकोतलं घर हीच त्यांची कचेरी होती. कस्टम खात्यात बावीस वर्षं काढून त्या बाहेर पडल्या आणि खासगी तपासाची कामं घेऊ लागल्या. काकासाहेब त्यांचे मदतनीस. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला सरळ आणि कष्टाळू माणूस, फक्त डोक्यातली घंटी जरा उशिरा वाजायची.

मे महिना होता. पायरीवर ऊन नुसतं तापलं होतं. सुरेखा फाटक उघडून आली, पायरीशी क्षणभर वाकली आणि आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली. पंचवीस-सव्वीसची पोरगी. रडून रडून डोळ्यांतलं पाणी आटलं होतं.

“मॅडम, माझे अण्णा कामावर झोपले नव्हते,” ती म्हणाली. “एवढंच मला सिद्ध करून पाहिजे.”

तिचे वडील बद्रीनाथ गव्हाणे शेंद्र्याच्या पुढं एका खासगी कंटेनर डेपोत माल मोजून नोंदवणारे टॅली क्लार्क होते. आपल्याकडचा माल परदेशी जायचा तर त्याची कस्टमची तपासणी इथंच होते, कंटेनरला सील इथंच लागतं आणि पेटी रेल्वेनं थेट मुंबईच्या बंदरावर पोचते. वाटेत ती कुणी उघडत नाही. रिकाम्या पेट्याही त्याच गाडीनं, तशाच सीलबंद परत जातात.

पंधरा दिवसांपूर्वीच्या शनिवारी बद्रीनाथ अशाच एका रिकाम्या पेटीत अडकून गेले. सोमवारी बंदरावर पेटी उघडली तेव्हा ते आत होते. लोखंडी पेटी, वरून मे महिन्याचं ऊन. पुढचं सांगायला नको.

“खिशात फोन होता,” सुरेखा म्हणाली. “अकरा वेळा लावला त्यांनी. पत्र्याच्या पेटीत रेंज कुठली? पहिला फोन पावणेतीनला.”

“आणि डेपोवाल्यांनी काय लिहिलंय?”

“कामाच्या वेळेत जोडे लॉकरमध्ये ठेवून रिकाम्या कंटेनरमध्ये जाऊन झोपले, म्हणून. पायात नुसते मोजे होते ना. एकतीस वर्षं नोकरी केली हो त्यांनी. आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेलेला माणूस तो. आता सोयगावला गावात लोक म्हणतात, झोपेत गेला.”

“शनिवारी घरी आले नाहीत, तेव्हा शोध नाही केला?”

“दर शनिवारी ते परस्पर सोयगावला शेतावर जायचे. चांगले जोडे लॉकरमध्ये ठेवायचे, रबरी चपला घालायच्या आणि ट्रकनं निघायचे. मला वाटलं, गेले.” ती थांबली. “मी तीन महिन्यांपासून तिथल्याच एका क्लिअरिंग एजंटकडं, म्हणजे मालाचे कस्टमचे कागद करणाऱ्याकडं, कामाला आहे. त्या दिवशी कागद द्यायला डेपोत गेलेही होते. पण अण्णांची भेट झाली नाही. त्यांच्या जोड्यांपाशी ताकाची बाटली ठेवली आणि आले. ती बाटलीसुद्धा लॉकरमध्ये निघाली, भरलेली. ताक दिसल्यावर न पिता ठेवणारा माणूस नव्हता तो.”

सत्यशीलाबाईंनी खुर्ची पुढं ओढली. “जे निघेल ते तुला सांगेन,” त्या म्हणाल्या. “मग ते आवडो, न आवडो. चालेल?”

“चालेल.”

ती गेल्यावर काकासाहेब चहाचं सांगायला निघाले आणि पायरीवरूनच ओरडले, “बाई, माझ्या चपला गेल्या! भरदुपारी!”

चपला जास्वंदीच्या बुंध्याशी सावलीत शेजारी शेजारी नीट लावलेल्या होत्या. काकासाहेबांनी कुत्र्यांच्या चार पिढ्यांचा उद्धार केला. बाईंनी त्या चपलांकडं निरखून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दोघं डेपोत गेले. यार्ड सुपरवायझर इंद्रजीत पाटील गुळगुळीत दाढीचा, गुळगुळीत बोलणारा गृहस्थ होता.

“फार वाईट झालं, मॅडम. आमच्या घरातलाच माणूस. पण जे आहे ते आहे. उन्हाचा रिकाम्या पेटीत जाऊन पडला, दार ओढून घेतलं.”

“त्या पेटीला सील कुणी लावलं?”

“मीच. अडीच वाजता. तीनची गाडी होती.”

“रिकाम्या पेटीचं दार उघडून, आत बघून मग सील लावायचं असतं. मी या खात्यात होते, पाटीलसाहेब.”

इंद्रजीतनं रुमालानं मान पुसली. “गाडी उभी होती. चाळीस पेट्या चढवायच्या होत्या. सगळेच कुठं उघडून बघतात?”

“त्या पेटीची लाइट टेस्ट चालू नव्हती?”

“छे! टेस्ट सकाळीच संपलेल्या. रजिस्टर बघा ना.”

लाइट टेस्ट म्हणजे काय, हे काकासाहेबांना बाईंनी चालता चालता सांगितलं. औषधांसारखा माल भरायच्या आधी पेटीला भोक नाही ना, ते पाहतात. एक माणूस आत जातो, दुसरा बाहेरून दार लावतो. अंधाराला डोळे सरावले की बारीकसं भोकही उजेडानं चमकतं. आतला माणूस त्याला खडूनं गोल करतो, काम झालं की दारावर तीन थापा मारतो, आणि बाहेरचा दार उघडतो.

“म्हणजे बाहेरच्यावर जीव टाकायचा,” काकासाहेब म्हणाले.

“हो. आणि बद्रीनाथांचा बाहेरचा माणूस वीस वर्षं एकच होता.”

पण त्याच्याआधी भेटला तो अभय, सुरेखा ज्याच्याकडं कामाला होती तो क्लिअरिंग एजंट. चाळिशीच्या आतला, दोन फोन घेऊन फिरणारा. बद्रीनाथांचं नाव काढताच त्याचा चेहरा पडला.

“झगडा झाला होता ना मॅडम, सकाळी. खोटं कशाला बोलू? शेंद्र्याच्या कंपनीची औषधं जायची होती. अण्णांनी माझी पेटी नापास केली. सुईएवढं भोक! मी म्हटलं, अण्णा, जाने दो ना. ते म्हणाले, हे औषध कुणाचं तरी पोरगं खाणार आहे.”

“मग?”

“मग काय, मीच हातापाया पडलो. परत जाणाऱ्या रिकाम्यांतल्या दोन पेट्या बाजूला काढल्या, शेजारी शेजारी. अण्णा म्हणाले, जेवून झाल्यावर एक तपासतो. ती पास झाली तर तुझी, दुसरी गाडीवर जाऊ दे.”

“हे रजिस्टरमध्ये नाही.”

“पास झाल्याशिवाय लिहीत नाहीत, मॅडम. सगळं तोंडीच असतं.” त्यानं फोन उघडला. “हे बघा. दोन चाळीसला काढलाय. कंपनीवाले सारखे विचारत होते, टेस्ट चालू आहे का, म्हणून फोटो पाठवला.”

फोटोत निळ्या कंटेनरचं बंद दार होतं. दाराशी एक म्हातारा उकिडवा बसला होता आणि त्यानं उजव्या हाताचा तळवा दारावर टेकवला होता. त्याच्या पायाशी काळ्या जोड्यांचा जोड आणि त्यांना टेकून पांढरी बाटली. दारावरच्या नंबराचे शेवटचे आकडे सेहेचाळीस.

“बद्रीनाथ सापडले ती पेटी एकेचाळीस,” बाई म्हणाल्या.

“तेच तर कळत नाही ना! फोटो खरा आहे, मॅडम. अण्णा सेहेचाळीसमध्ये होते, तर एकेचाळीसमध्ये गेले कधी?”

काकासाहेबांच्या मनात अभयबद्दल काळंबेरं आलं. सकाळी भांडण, दुपारी फोटो, वर भोळेपणा. त्यांनी बाईंना हळूच खूण केली. बाईंनी दुर्लक्ष केलं.

बद्रीनाथांचा तो बाहेरचा माणूस, रामेश्वर, पाण्याच्या टाकीखाली बसलेला सापडला. साठीचा, खापरासारखा रापलेला. बाई बोलायला लागल्या की तो एकटक त्यांच्या तोंडाकडं बघायचा.

“बद्रीनाथ आत गेले तेव्हा दार तुम्ही लावलं?”

“व्हय.”

“कुठल्या पेटीचं?”

“ध्यानात नाय. दोन्ही सारख्याच. आकडे वाचायचं काम बद्रीचं, माझं काम दाराचं.”

“दार लावलं आणि तिथंच थांबलात?”

“नाय. पाटीलसाहेबानं हात केला, सही द्यायला बलावलं. रिकाम्यांच्या यादीवर. जाऊन आलो पंधरा मिन्टांत. आत येवढा वेळ लागतोच.” त्यानं जमिनीकडं पाहिलं. “आलो अन् जोड्यांपाशी बसलो.”

“जोड्यांपाशी का?”

“औषधाच्या पेटीत जोडे घालून जात नाय कुणी. दाराबाहीर काढायचे. जोडे दाराशी हायेत तवर माणूस आत हाय. त्या पेटीला मंग कुणी हात लावत नाय. सगळ्या यार्डाला ठावं हाय हे.”

त्याच वेळी रुळावरून इंजिन आलं आणि त्यानं कानठळ्या बसतील असा भोंगा दिला. काकासाहेब दचकून हातभर उडाले. रामेश्वर तसाच बाईंच्या ओठांकडं बघत राहिला. त्याच्या पापणीनंही हालचाल केली नाही.

बाईंनी आवाज न काढता नुसते ओठ हलवले, “कधीपासून?”

म्हाताऱ्याचा चेहरा कोसळला. “पाच वर्सं झाली,” तो म्हणाला. “बद्रीलाच ठावं व्हतं. तो म्हनायचा, तू दारावर तळवा ठेव, मी थाप मारली की तुला हाताला कळंल. कुनाला सांगितलं नाय त्यानं. माजी भाकर टिकावी म्हनून.”

काकासाहेबांना फोटोतला तो तळवा आठवला.

“सेहेचाळीसचं दार उघडलं तेव्हा?”

“रिकामी व्हती. गाडी गेलेली. वाटलं, मी सहीला गेलो तवा दुसऱ्या कुनी उघडलं असंल, दोन्ही बघून झाल्या असतील, गेला सोयगावला. शनवार व्हता. ट्रकच्या घाईत जोडे ऱ्हायले वाटलं, म्हनून नेऊन ठिवले लॉकरात.”

“आणि बाटली?”

“ती बी,” एवढंच बोलून तो उठला आणि निघून गेला.

सव्वादोन वाजले होते. दोन निळ्या पेट्या होत्या ती जागा अभयनं आधीच दाखवली होती. बाई तिथं भर उन्हात उभ्या राहिल्या. पाण्याच्या टाकीची सावली जमिनीवर पडली होती, पण सेहेचाळीसच्या दारापुरतीच. एकेचाळीसचं दार जिथं होतं, तिथं पाय ठेववत नव्हता.

“बाई, चक्कर येईल,” काकासाहेब म्हणाले.

“चला,” बाई म्हणाल्या. कागद जमा करायच्या खिडकीवर त्यांनी रजिस्टर मागून घेतलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि बंद केलं.

रविवारी दुपारी सगळे सिडकोत जमले. इंद्रजीत घड्याळ बघत होता. अभयनं फोन बंद करून ठेवला होता. रामेश्वर कोपऱ्यात, आणि सुरेखा वडिलांचा फोटो पिशवीत घालून आलेली.

बाईंनी टेबलावर एक फोटो ठेवला. बंदरावरच्या पोलिसांनी पेटीच्या आतून काढलेला.

“एकेचाळीसची भिंत. या तीन पांढऱ्या खुणा सगळ्यांनी पाहिल्या, पण त्यांना डाग समजले. हे खडूचे गोल आहेत. प्रत्येक गोलाच्या मध्ये भोक आहे. दार बंद असल्याशिवाय ती भोकं दिसत नाहीत. झोपायला गेलेला माणूस अंधारात भोकं शोधत बसत नाही.”

इंद्रजीत म्हणाला, “आधीच्या कुठल्या टेस्टचे असतील.”

“भोकं सापडलेली पेटी तुमच्याकडं लगेच दुरुस्तीला जाते, पाटीलसाहेब. रिकाम्यांच्या यादीत येतच नाही. बद्रीनाथांच्या शर्टाच्या खिशात खडू होता, पोलिसांच्या यादीत आहे. ते आत होते, काम करत होते, आणि पेटी नापास करत होते.”

सुरेखानं डोळे मिटून घेतले.

“आता क्रम बघा. दोन वाजून दहा मिनिटं. बद्रीनाथ एकेचाळीसच्या दाराशी जोडे काढतात, आत जातात. रामेश्वर दार लावतात. तेवढ्यात पाटील त्यांना सहीला बोलावतात. दाराशी माणूस नाही, नुसते जोडे. पंधरा मिनिटांनी रामेश्वर परत येतात, तेव्हा जोडे शेजारच्या सेहेचाळीसच्या दाराशी असतात. त्यांना वाटतं, एक पेटी झाली, दुसरी चालू आहे. ते तिथं तळवा टेकवून बसतात. अडीचला पाटील येतात. दोनातली एक गाडीवर जायची असते. कुठली? जिच्याशी जोडे नाहीत ती. दार उघडून बघायचा नियम आहे, पण तुमचा खरा नियम जोड्यांचा. एकेचाळीसला सील लागतं, क्रेन तिला उचलते. आतून थापा पडत असतील. क्रेनच्या आवाजात त्या कुणालाच ऐकू आल्या नाहीत.”



“पाटीलसाहेब, पेटी उघडून न बघता सील लावलं हे झाकायला तुम्ही मेलेल्या माणसाला झोपाळू ठरवलंत. उद्या सकाळी अहवाल बदला. नाहीतर हे फोटो घेऊन मी कस्टममधल्या माझ्या जुन्या साहेबांकडं जाईन.”

इंद्रजीतचा गुळगुळीतपणा गळून पडला. “बदलतो,” तो कसाबसा म्हणाला. “कामावर असताना, असं लिहितो.”

“पण मॅडम,” अभयनं विचारलं, “जोडे हलवले कुणी?”

सत्यशीलाबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. इतक्या वर्षांत त्यांना शब्द सापडला नाही असं काकासाहेबांनी पहिल्यांदा पाहिलं. सुरेखा त्यांच्याकडं बघत होती, दिलेला शब्द आठवत असल्यासारखी.

“म्या हलवले.”

रामेश्वर उभा राहिला होता.

“जाताना पायानं सरकवले असतील. ध्यानात ऱ्हायलं नाय. अन् मला ऐकू येत नाय, साहेब. पाच वर्सं झाली. उद्यापासून येत नाय मी कामावर.” तो सुरेखाकडं वळला. “पोरी, तुझा बाप झोपला नव्हता. काम करत व्हता. चूक माजी हाय.”

सुरेखा त्याच्या पायांशी बसली आणि पहिल्यांदा मोकळेपणानं रडली. “तुम्ही मुद्दाम केलं का काका?” ती म्हणत राहिली. “मुद्दाम केलं का?” वडिलांवरचा डाग गेला होता, आणि समोरच्या म्हाताऱ्याला माफ करायला तिला एक क्षणही लागला नाही.

इंद्रजीत आणि अभय गेले. सुरेखा तोंड धुवायला आत गेली. काकासाहेबांच्या डोक्यातली घंटी तेव्हा वाजली.

“बाई,” ते कुजबुजले, “हा म्हातारा खोटं बोलतोय! यानंच जोडे सरकवले असते तर हाच कसा फसला असता? चुकीच्या दाराशी अर्धा तास बसला असता का?”

“नाही बसला असता.”

“मग कोण?”

बाईंनी आवाज आणखी खाली आणला. “ती आली त्या दिवशी तुमच्या चपला कुठं सापडल्या?”

“जास्वंदीखाली. कुत्र्यानं—”

“कुत्रं चपला शेजारी शेजारी नीट लावत नाही, काकासाहेब. ती पायरीशी वाकली होती. उन्हात तापलेल्या चपला दिसल्या की तिचा हात आपोआप जातो. बापाचे जोडे तापू नयेत म्हणून लहानपणापासून लागलेली सवय असेल. तिला ते केल्याचं आठवतही नाही. खिडकीवरच्या रजिस्टरात तिची वेळ आहे, दोन वीस. यार्डाचा नियम तिला कुणी सांगितलेला नव्हता. तिनं जोडे टाकीच्या सावलीत ठेवले, शेजारी ताक ठेवलं. चार पावलं.”

काकासाहेबांनी आतल्या दाराकडं पाहिलं, सुरेखा अजून आतच होती.

“आणि रामेश्वर?”

“सोमवारी बातमी आली तेव्हाच त्यांना कळलं. जोडे सावलीत होते आणि जोडीला बाटली होती. त्या बाटलीतून ताक सुरेखाच आणते, हे ते रोज बघत होते. खरं सांगावं तर पोरीचं नाव येतं. म्हणून मित्राला लोकांनी झोपाळू ठरवलं, तरी ते गप्प राहिले. बद्रीनाथांनी पाच वर्षं त्यांचं झाकलं, त्यांनी बद्रीनाथांच्या लेकीचं झाकलं.”

“तुम्ही तिला शब्द दिला होता, बाई.”

“दिला होता,” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “आज मोडते.”

रामेश्वरला ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. तो भिंतीला धरून उठला होता. “येतो,” म्हणाला.

सुरेखा पदरानं तोंड पुसत बाहेर आली. आता तिचा चेहरा हलका झाला होता. “थांबा काका, मी रिक्षापर्यंत सोडते,” असं म्हणत ती त्याच्या पुढं झाली आणि व्हरांड्यात गेली.

पायरीवर रामेश्वरच्या चपला होत्या. दुपारचं ऊन त्यांच्यावर सरळ पडलं होतं.

सुरेखा वाकली. बोलता बोलताच तिनं चपला उचलल्या, “किती तापल्यात हो काका,” म्हणाली आणि जास्वंदीच्या सावलीकडं दोन पावलं टाकली.

तिसरं पाऊल पडलं नाही.

ती तशीच उभी राहिली, दोन्ही हातांत चपला धरून. सावलीकडं बघितलं, मग हातांतल्या चपलांकडं. मागं दारात रामेश्वर होता. ती वळली आणि तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

म्हाताऱ्यानं मान हलवली, नाही, नाही, म्हणून. पुन्हा पुन्हा हलवली.

सुरेखानं वाकून त्या चपला जिथून उचलल्या होत्या तिथंच, उन्हात, ठेवल्या.